कोडमधले आकडे वाचता येतील असे कसे लिहावेत: आंब्याच्या पट्टीपासून सातबाऱ्यापर्यंत

कोकणात प्रोग्रामिंग शिकायला लागलेल्यांचा पहिला खरा प्रोग्राम बहुतेक वेळा घरच्या हिशेबाचा असतो. आंब्याच्या पेट्या, होडीचं डिझेल, होमस्टेचं भाडं, नाहीतर वाटणीच्या जमिनीचं क्षेत्र. तर्क सोपा असतो, चार-पाच ओळींत बसतो. चुका होतात त्या आकड्यांत.

4375000 हा आकडा एका नजरेत वाचून बघा. त्रेचाळीस लाख पंचाहत्तर हजार, की चार लाख सदतीस हजार पाचशे? बोट ठेवून मोजल्याशिवाय सांगता येत नाही. एक शून्य जास्त पडलं तरी कॉम्प्युटर तक्रार करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडे बरोबरच असतात. म्हणून एकच कसोटी धरा: मूळ कागद ज्याच्या हातात आहे त्याला तुमच्या कोडमधला आकडा शून्यं न मोजता कागदाशी ताडून पाहता आला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या कसोटीवरच उभ्या आहेत.

प्रोग्राममध्ये थेट लिहिलेल्या अशा आकड्याला लिटरल म्हणतात. उदाहरणं पायथनमधली आहेत. इतर भाषांचे फरक आठव्या पायरीत. इंट (पूर्णांक), फ्लोट (दशांश अपूर्णांक) अशी भाषेची अंगभूत नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, पण प्रोग्राममध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची.

सुरुवातीला जवळ काय हवं

- पायथन ३.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती. आकड्यात अंडरस्कोर, म्हणजे _ हे चिन्ह, लिहायची सोय ३.६ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१६ मध्ये आली. त्याआधीच्या आवृत्तीत खालची जवळपास सगळी उदाहरणं सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची तक्रार, देतील.
- शून्य आणि इंग्रजी ओ वेगळे दिसतील असा एडिटरचा फाँट. शून्याच्या पोटात तिरकी रेघ किंवा ठिपका असलेला फाँट उत्तम.
- अंक टाइप करताना इंग्रजी कीबोर्ड.
- आकडे ज्यावरून घेणार ते मूळ कागद: दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद), सातबारा, डिझेलची बिलं. आठवणीतून आकडे टाकू नका.

१. आधी स्वल्पविराम सोडा

नवख्यांची सर्वात महागडी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू. कागदावर आपण ३,५०० लिहितो, तसंच कोडमध्ये लिहिलं तर:

```
पेटी_दर = 3,500
```

एरर येत नाही. पायथन याला तीन हजार पाचशे न समजता 3 आणि 500 अशा दोन आकड्यांची जोडी समजतो. या प्रकाराला टपल म्हणतात. पुढे तुम्ही या दराला पेट्यांच्या संख्येने गुणलंत, तरीही एरर येत नाही! टपलला 2 ने गुणलं की तीच जोडी दोनदा जोडून मिळते: (3, 500, 3, 500). पेट्या 1250 असतील तर अडीच हजार आकड्यांची लांबलचक माळ तयार होते. एरर येते ती पुढे, हमाली वजा करायला गेल्यावर. मग माणूस हमालीची ओळ तपासत बसतो, आणि चूक असते चाळीस ओळी वर.

लाखाच्या आकड्यांत याचे तीन वेगवेगळे अवतार दिसतात:

```
उलाढाल = 1,25,000    # मिळतं (1, 25, 0)
उलाढाल = 1,00,000    # मिळतं (1, 0, 0)
उलाढाल = 1,05,000    # सिंटॅक्स एरर
```

तिसऱ्या ओळीत एरर येते कारण 05 हा शून्याने सुरू होणारा आकडा पायथन ३ ला चालत नाही. नुसती शून्यं, म्हणजे 00 किंवा 000, मात्र चालतात, म्हणून दुसरी ओळ गुपचूप निसटते. म्हणजे एकाच सवयीमुळे कधी एरर येते, कधी येत नाही. फंक्शनला आकडा देतानाही तेच होतं: पट्टी(1,25,000) असं लिहिलं तर फंक्शनला एक आकडा न जाता तीन जातात.

२. स्वल्पविरामाच्या जागी अंडरस्कोर

```
पेटी_दर = 3_500
पेट्या = 1_250
उलाढाल = 43_75_000
```

पायथन हे अंडरस्कोर वाचताना गाळून टाकतो. 43_75_000 आणि 4375000 त्याला एकच. वाचणाऱ्या माणसाला मात्र त्रेचाळीस लाख पंचाहत्तर हजार लगेच दिसतात, आणि 3500 गुणिले 1250 बरोबर तेवढेच होतात हेही पडताळता येतं.

नियम थोडे आहेत:

- अंडरस्कोर दोन अंकांच्या मध्येच. शेवटी लिहिला, जसं 3500_, की सिंटॅक्स एरर.
- सुरुवातीला लिहिला, जसं _3500, तर तो आकडाच राहत नाही, व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नाव होतो. मग अशा नावाचं काही नाही म्हणून नेम एरर येते.
- एका ठिकाणी एकच अंडरस्कोर. 3__500 चालत नाही.
- दशांश चिन्हाला चिकटून नको. 16_.99 चूक, पण दशांशानंतरच्या अंकांमध्ये, जसं 73.312_05, चालतो.

अंडरस्कोर किती अंकांनंतर हवा, हे पायथन अजिबात तपासत नाही. 4_3_7_5_000 सुद्धा त्याला मान्य आहे. ही मोकळीक फार उपयोगाची, आणि तितकीच धोक्याचीही.

३. गट कसे पाडायचे ते मूळ कागदावरून ठरवा

इंग्रजी शिकवण्यांमध्ये सगळीकडे तीन-तीन अंकांचे गट दिसतात: 4_375_000. ते चूक नाही, पण आंब्याची पट्टी वाचणारा माणूस लाख-कोटीत विचार करतो. तुमचा आकडा तपासणारे बाबा, काका किंवा सोसायटीचे सचिव असतील, तर 43_75_000 च लिहा. हेच कोड पुढे बंगळुरूच्या किंवा परदेशातल्या टीमबरोबर चालवायचं असेल, तर तीन-तीनचे गट घ्या. रकमा लिहिताना दोन्हींची सरमिसळ मात्र एका फाइलमध्ये कधीही नको. ते वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीवर गोंधळ होतो आणि अंडरस्कोरचा सगळा फायदाच जातो.

मीटर, सेकंद, बाइट असल्या तांत्रिक मापांना तीन-तीनचे गट बरे, कारण किलो, मेगा ही मापं हजारपटीत वाढतात. कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर मार्ग ७४१ किलोमीटरचा. मीटरमध्ये तो 741_000 असा लिहिला की किलोमीटर आपोआप डावीकडे वेगळे दिसतात.

४. सातबाऱ्याचं क्षेत्र

अंडरस्कोरचा सर्वात सुंदर उपयोग इथे होतो. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं तीन भागांत असतं, उदाहरणार्थ १.४५.२०. म्हणजे १ हेक्टर, ४५ आर, २० चौरस मीटर. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. प्रत्येक पायरी शंभराची, म्हणून दोन-दोन अंकांचे गट पाडले की तो थेट चौरस मीटरचा आकडा होतो:

```
लागवडीयोग्य_चौमी = 1_45_20
पोटखराबा_चौमी = 12_05
एकूण_चौमी = लागवडीयोग्य_चौमी + पोटखराबा_चौमी
```

एकूण येतं 15725, म्हणजे १.५७.२५. सातबारा शेजारी ठेवा आणि अंक जसेच्या तसे ताडून पाहा. आकडेमोड करावी लागत नाही, गुणाकाराचं सूत्र लिहावं लागत नाही.

खाचखळगे मात्र नीट बघा.

पहिला: १.४५.२० हे ठिपक्यांसकट कोडमध्ये टाकू नका. दोन दशांश चिन्हं असलेला आकडा कुठल्याच भाषेत नसतो, सिंटॅक्स एरर येते. काही जण मग 1.4520 असं हेक्टरमध्ये लिहितात. ते चालतं, पण वाटणीत भागाकार सुरू झाले की दशांशाचे बारीक फरक शिरतात. जमिनीला पूर्ण चौरस मीटरच ठेवा.

दुसरा: ०.४५.२० असं क्षेत्र असेल तर 0_45_20 लिहू नका. शून्याने सुरू होणारा आकडा म्हणून एरर येते. 45_20 लिहा.

तिसरा आणि सर्वात वाईट: आर एक अंकी असेल तेव्हा त्याच्या आधीचं शून्य गाळणं. १.०५.२० साठी कुणी 1_5_20 लिहिलं, तर पायथन ते 1520 समजतो. खरं क्षेत्र 10520 चौरस मीटर. नऊ हजार चौरस मीटर जमीन गायब आणि एररचा पत्ता नाही. पहिला गट सोडून प्रत्येक गटात दोन अंक हवेतच. डोळ्यांनी तपासायची सोपी खूण हीच.

आणि गुंठ्याबद्दल एक. बोलताना आर आणि गुंठा एकच समजले जातात. तसं नाही: १ आर १०० चौरस मीटर, तर १ गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. छोट्या तुकड्यात हा फरक कळत नाही, दोन-चार एकरांत चांगलाच कळतो. व्हेरिएबलच्या नावात एकक लिहायचं ते यासाठीच.

५. पैसे: रुपये की पैसे?

पैशांच्या हिशेबात दशांश अपूर्णांक, म्हणजे फ्लोट, वापरू नका. कॉम्प्युटर फ्लोट दोनाच्या घातांमध्ये साठवतो आणि 0.1 हा आकडा त्यात नेमका बसत नाही. 0.1 + 0.2 विचारलं तर पायथन 0.30000000000000004 सांगतो. एका पट्टीत हे दिसणार नाही. सबंध हंगामाच्या बेरजा जुळवताना एखादा पैसा इकडचा तिकडे होतो आणि तो कुठे गेला ते सापडत नाही.

सोपा उपाय: सगळे हिशेब पैशांत, पूर्णांकात. अंडरस्कोरने शेवटचे दोन अंक वेगळे काढता येतात:

```
पेटी_दर_पैसे = 3_500_00
हमाली_पैसे = 12_50
```

पहिली ओळ तीन हजार पाचशे रुपये शून्य पैसे, दुसरी साडेबारा रुपये. फक्त एक जपा: 3_500_00 आणि 3_50_000 हे कॉम्प्युटरला एकच आकडे आहेत. पहिला साडेतीन हजार रुपये सुचवतो, दुसरा साडेतीन लाख. नावात पैसे हा शब्द नसेल तर वाचणारा नक्की फसेल. हा शेवटचा भाग अंगवळणी पाडून घ्या: पैशांच्या प्रत्येक व्हेरिएबलच्या नावात रुपये किंवा पैसे असायलाच हवं.

६. जिथे गुणाकार बोलका, तिथे गुणाकारच लिहा

प्रत्येक आकडा उत्तराच्या रूपात लिहायची गरज नाही. पेटीत पाच डझन आंबे असतील तर 60 पेक्षा 5 * 12 जास्त सांगतो. दोन भरतींमधलं अंतर साधारण १२ तास २५ मिनिटं असतं. सेकंदांत ते 44_700. पण हा आकडा बघून कुणाला काही बोध होणार?

```
भरती_अंतर_सेकंद = 12 * 3_600 + 25 * 60
सागरी_मैल_मीटर = 1_852
हद्द_मीटर = 12 * सागरी_मैल_मीटर
```

शेवटच्या ओळीत १२ सागरी मैलांची हद्द लगेच ओळखू येते. 22_224 लिहिलं असतं तर कुणीही विचारलं असतं, हा आकडा आला कुठून.

होडीवरच्या जीपीएसचे आकडे टाकताना हेच फार कामाला येतं. बऱ्याच यंत्रांवर अक्षांश अंश आणि मिनिटांत दिसतात, उदाहरणार्थ १६ अंश ५९.४ मिनिटं. नवखा माणूस ते 16.594 असं लिहितो. मिनिटं साठांची असतात, शंभरांची नव्हेत. बरोबर रूप असं:

```
अक्षांश = 16 + 59.4 / 60
```

हे होतात 16.99, म्हणजे रत्नागिरी. 16.594 लिहिलंत तर बिंदू सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला, विजयदुर्गच्या आसपास जाऊन पडतो. गुणाकार-भागाकार असा उघडा लिहिल्याने प्रोग्राम मंदावेल ही भीती सोडा; नुसत्या लिटरलची आकडेमोड पायथन प्रोग्राम चालवण्याआधीच उरकून घेतो.

७. जे आकडे नाहीत त्यांना आकडा करू नका

मोबाइल नंबर, पिनकोड, एसटीडी कोड, सर्व्हे नंबर यांची बेरीज कधी होत नाही. ते मजकूर म्हणून, अवतरण चिन्हांत ठेवा. रत्नागिरीचा एसटीडी कोड 02352 आकडा म्हणून लिहिलात तर पायथन ३ मध्ये एरर येईल. ही एरर तुमच्या भल्याची आहे. जावामध्ये, आणि जावास्क्रिप्टच्या सैल पद्धतीत, तीच ओळ बिनबोभाट चालते. शून्याने सुरू होणारा आकडा तिथे अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीने मोजायच्या, पद्धतीचा समजला जातो आणि तुम्हाला 1258 मिळतात.

८. इतर भाषांत गेलात तर

जावा ७ (२०११), सी शार्प ७ (२०१७), गो १.१३ (२०१९), पीएचपी ७.४ (२०१९), जावास्क्रिप्टचं २०२१ चं मानक, शिवाय रूबी, रस्ट, कोटलिन, स्विफ्ट या सगळ्यांत अंडरस्कोर चालतो. सी++ मध्ये २०१४ च्या मानकापासून त्याच जागी एकेरी अवतरण चिन्ह वापरतात: 43'75'000. रस्टमधलं क्लिपी हे तपासणारं साधन असमान गट दिसले की ताकीद देतं, त्यामुळे तिथे लाखाची पद्धत हवी असेल तर तो नियम बंद करावा लागतो. जेसन फाइलमध्ये (प्रोग्राममधली माहिती देवाणघेवाणीसाठी ज्यात ठेवतात ती) आणि एक्सेलच्या खान्यात अंडरस्कोर घालू नका.

जावामध्ये पैशांत हिशेब ठेवणाऱ्यांनी एक मर्यादा लक्षात ठेवा. साधा इंट 2_147_483_647 पर्यंतच जातो. पैशांत धरलं तर ती झाली २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. बऱ्यापैकी व्यापाऱ्याची हंगामाची उलाढाल याच्या पलीकडे सहज जाते. 3_500_00 ला 12_500 पेट्यांनी गुणलं तर खरं उत्तर 4_37_50_00_000 पैसे, म्हणजे ४ कोटी ३७ लाख ५० हजार रुपये. जावा इंटमध्ये त्याचे 8_00_32_704 पैसे करून देतो, म्हणजे जेमतेम आठ लाख रुपये. उत्तर लाँग (इंटपेक्षा मोठे पूर्णांक मावणाऱ्या) प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं तरी फायदा नाही, कारण गुणाकार आधी इंटमध्येच होऊन जातो. दोहोंपैकी एका लिटरलच्या शेवटी इंग्रजी मोठा एल लावा. छोटा एल चालतो, पण तो एकासारखा दिसतो. पायथनच्या पूर्णांकाला अशी मर्यादा नाही.

मोठा आकडा घातांकाच्या पद्धतीने, म्हणजे मध्ये इंग्रजी ई घालून लिहिला, तर पायथनमध्ये तो नेहमी फ्लोट होतो. पैसे आणि नगांच्या मोजणीसाठी ती पद्धत टाळा.

९. बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे आकडे

लिटरलचे नियम कोडपुरते. वापरणाऱ्याने टाइप केलेल्या मजकुराचे नियम निराळे, आणि ते भाषेगणिक बदलतात.

पायथनचं इंट फंक्शन "1_25_000" हा मजकूर स्वीकारतं, "1,25,000" ला मात्र व्हॅल्यू एरर देतं. आधी स्वल्पविराम काढून टाका. गंमत म्हणजे "१२५" हा देवनागरी मजकूर ते बरोबर वाचतं. त्यामुळे मराठी कीबोर्डवर आकडा भरणाऱ्यांची सोय होते. पण कोडच्या ओळीत १२५ असं देवनागरीत लिहिलं तर सिंटॅक्स एरर. जावास्क्रिप्टमधलं पार्सइंट याहून घातक आहे: "1,25,000" किंवा "1_25_000" दिलं तर ते पहिल्या अनोळखी चिन्हापाशी थांबतं आणि 1 परत देतं, तक्रार न करता. तिथे मजकूर साफ केल्याशिवाय त्याच्या हातात देऊच नका.

व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवणाऱ्यांसाठी: पायथन ३ ला ती चालतात. पण काही कीबोर्डवर "ऱ्या" लिहिताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह पडतं, आणि पायथन ते नावात घेत नाही. अदृश्य अक्षराची एरर आली तर नावातला ऱ्या किंवा ऱ्हा पुन्हा टाइप करून बघा, किंवा नाव बदला.

उत्तर छापताना पायथनच्या फॉरमॅटमधला स्वल्पविराम तीन-तीनचेच गट पाडतो: 4,375,000. लाखाची पद्धत हवी तर बॅबेल नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) भारतीय इंग्रजीच्या लोकेलसह (भाषा-प्रदेशाच्या निवडीसह) वापरा, 43,75,000 मिळेल. लायब्ररी नको असेल तर आकड्याचा मजकूर करा, शेवटचे तीन अंक बाजूला काढा, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे तुकडे पाडा आणि स्वल्पविरामांनी जोडा. ऋण आकड्याचं वजा चिन्ह आधी वेगळं काढून ठेवा, नाहीतर तेही एखाद्या तुकड्यात अंक म्हणून मोजलं जातं. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय मुळातच आहे: टूलोकेलस्ट्रिंगला भारतीय इंग्रजीचा कोड दिला की लाखाचे गट मिळतात, भारतीय मराठीचा दिला की अंकही देवनागरीत, ४३,७५,००० असे.

१०. जुनी फाइल सुधारताना

आधीपासून चालू असलेल्या प्रोग्राममध्ये सगळे आकडे एका दमात बदलू नका. पाच किंवा जास्त अंकी लिटरल शोधा, एकेक घ्या, मूळ कागदाशी ताडा आणि मगच अंडरस्कोर घाला. बदलण्याआधी जुन्या प्रोग्रामची बेरीज लिहून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवा. अंडरस्कोर घातल्याने उत्तर एका पैशानेही बदलता कामा नये. बदललंच, तर बहुधा टाइप करताना एखादा अंक सुटलेला असतो. चार अंकी आकड्यांत अंडरस्कोर घालायचा की नाही हे एकदाच ठरवा. 3_500 आणि 3500 दोन्ही वाचता येतात, आणि वर्षं, जसं 2016, कधीच तोडायची नाहीत.